पशुखाद्य कारखान्यात बेल्ट कन्व्हेअर: कुठे बसवावा, कुठे टाळावा?

फीडमिल_उत्पादन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या प्रेसमधून गोळी (पेलेट) चांगली निघते. कूलरखाली हातात घेऊन दाबली तर टणक लागते, चाळणीवरही चुरा फार नसतो. पण तीच गोळी गोणीत पोचेपर्यंत चुऱ्याचं प्रमाण डोळ्यांना दिसेल इतकं वाढलेलं असतं. मधल्या वाटेवर एक लांब स्क्रू कन्व्हेअर, मग माल बकेटांनी वर नेणारा एलिव्हेटर, आणि वर बिनमध्ये (साठवणीच्या टाक्यांत) माल वाटणारा दुसरा स्क्रू आहे. स्क्रूचं पातं आणि ट्रफ (खालची पन्हळ) यांच्या फटीत गोळी सापडून चिरडली जाते, याबद्दल मला शंका नाही.

दोन्ही स्क्रू काढून तिथे बेल्ट कन्व्हेअर बसवावेत, असा विचार आहे. बेल्टवर माल नुसता बसून जातो, त्याला कोणी ढकलत नाही. खालचं आडवं अंतर साधारण 40 मीटर आहे. ताशी 20 टन माल, गोळी 3 ते 4 मिमी जाडीची, आणि काही प्रकारांवर कूलरनंतर तेलाचा फवारा असतो.

पण कारखान्यातले काही अनुभवी लोक नको म्हणतात. बेल्ट आणला की धूळ आली, बेल्ट एका बाजूला सरकतो, रोलर जाम होतात, रोजची साफसफाई वाढते, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही बाजू समजून घ्यायच्या आहेत. बेल्ट कोणत्या रबराचा घ्यावा, उघडा ठेवावा की बंद, जॉइंट कसला करावा, आणि मुळात पेलेटसाठी बेल्ट हाच योग्य उपाय आहे का? ज्यांनी बेल्ट चालवले आहेत त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

जुना_फिटर

बेल्टची ऑर्डर द्यायच्या आधी चुरा नक्की कुठे होतो ते मोजा. सगळा दोष स्क्रूचाच असतो असं नाही.

पद्धत सोपी आहे. कूलरच्या तोंडाशी, चाळणीनंतर, पहिल्या स्क्रूच्या शेवटी, एलिव्हेटरच्या डोक्याशी, बिनच्या तळाशी आणि गोणीत, अशा प्रत्येक ठिकाणी एकाच लॉटचा नमुना घ्या. गोळीच्या जाडीपेक्षा थोड्या बारीक जाळीवर चाळा आणि खाली पडलेल्याचं वजन करा. ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा उडी मारतो, तिथे खरा गुन्हेगार. सोबत टंबलिंग बॉक्सची चाचणीही घ्या: 500 ग्रॅम चाळलेली गोळी, मिनिटाला 50 फेरे, 10 मिनिटं. शेवटी जेवढी गोळी शाबूत राहते तिची टक्केवारी म्हणजे टिकाऊपणाचा आकडा. हा आकडाच कमी आला तर दोष वाहतुकीचा नाही. दळण, वाफ, डाय किंवा फॉर्म्युला यांच्याकडे जावं लागेल, आणि बेल्टवर केलेला खर्च वाया जाईल.

माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा तीन जागा निघतात. एक, एलिव्हेटरचं बूट, म्हणजे खालचं टोक. तिथे माल साचलेला असला की प्रत्येक बकेट त्या ढिगात खुपसून वर येते आणि गोळी ठेचली जाते. दोन, एलिव्हेटरचं डोकं. वेग जास्त असेल तर गोळी हुडच्या पत्र्यावर आपटते. तीन, रिकामा बिन. उंच बिनच्या तळावर पडणारी पहिली गोळी सगळ्यात जास्त मार खाते. यातल्या एकाही जागेवर बेल्ट कन्व्हेअरचा उपयोग नाही.

फीडमिल_उत्पादन

फिटर काका, नमुने स्क्रूच्या आधी आणि नंतर घेतले आहेत, तिथे फरक स्पष्ट आहे. पण एलिव्हेटरचं डोकं आणि बिनचा तळ इथले घेतलेले नाहीत. या आठवड्यात घेतो. टिकाऊपणाचा आकडा चांगला आहे, त्यामुळे प्रेसवर संशय नाही.

पट्टा_आणि_पुली

बेल्ट बसवणं आणि जोडणं हेच माझं काम आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

आधी क्षमता. हिशेब एका ओळीचा आहे: बेल्टवरच्या मालाचा आडवा छेद गुणिले वेग गुणिले मालाची घनता. गोळीची घनता घनमीटरला साधारण 620 किलो धरली तर ताशी 20 टन म्हणजे सुमारे 32 घनमीटर. वेग सेकंदाला 0.8 मीटर ठेवला तर छेद लागतो सुमारे 112 चौरस सेंटीमीटर. 500 मिमी रुंदीच्या, खोलगट रोलरवर चालणाऱ्या बेल्टला हे सहज झेपतं आणि कडांना मोकळी जागाही राहते. ही मोकळी जागा फार महत्त्वाची. गोळी गडगडते. बेल्ट काठोकाठ भरलात तर रोलरच्या प्रत्येक धक्क्याला दोन-चार गोळ्या खाली पडतील आणि आठवड्याभरात खाली थर दिसेल.

मात्र हाच बेल्ट उद्या दुसऱ्या मालासाठी वापरायचं ठरलं तर हिशेब पुन्हा करा. मक्याची घनता 720 किलोच्या आसपास, पण गव्हाचा कोंडा 200 ते 250 किलो. म्हणजे ताशी तेवढाच टन कोंडा न्यायचा तर जागा मक्याच्या तिप्पट लागते. टनाचा आकडा वाचून बेल्ट घेतला आणि कोंडा चढवला की सांडणार हे ठरलेलं.

वेग कमी ठेवा. मोठ्या धान्य टर्मिनलवर बेल्ट सेकंदाला 3 मीटरच्या आसपास पळतात, ते पाहून इथे तसं करू नका. पेलेटसाठी 1 मीटरच्या आत राहिलं तर पडताना मार कमी बसतो. मॅश म्हणजे भरड असेल तर धूळही कमी उडते. रुंदी वाढवून वेग कमी करणं हा पशुखाद्यात नेहमीच चांगला सौदा असतो.

चढ. सपाट पृष्ठभागाच्या बेल्टवर मका, सोयाबीन, गोळी असा गोल माल 10 ते 12 अंशांच्या वर न्यायचा विचार करू नका, तो मागे घरंगळतो. त्याहून जास्त चढ हवा असेल तर नक्षीचा बेल्ट येतो, पण नक्षीच्या खाचांत भुकटी बसते आणि स्क्रॅपर (बेल्ट खरवडणारं पातं) तिथे पोचत नाही. एकाच लाइनवर वेगवेगळी खाद्यं चालवत असाल तर नक्षीचा बेल्ट टाळाच.

आता बेल्टची ताकद. लोक घाबरून जाड बेल्ट घेतात. बेल्टवर ईपी (EP) असं लिहिलेलं असतं, ते आतल्या कापडाच्या थरांबद्दल. लांबीच्या दिशेला पॉलिएस्टर, आडव्या दिशेला नायलॉन. ईपी 400/3 म्हणजे तीन थर मिळून रुंदीच्या प्रत्येक मिलिमीटरला 400 न्यूटनची तुटण्याची ताकद. 40 मीटर आडव्या अंतरावर ताशी 20 टनांना एवढ्याची गरज नसते, दोन थरांचा बेल्ट पुरतो. फार जाड बेल्टचा तोटा असा की रिकामा असताना तो रोलरच्या खोलगट भागात बसतच नाही, वर तरंगतो आणि मनाला येईल तिकडे सरकतो. शिवाय पुलीचा व्यास मोठा लागतो. लहान पुलीवर जाड बेल्ट सतत वाकत राहिला की थर सुटू लागतात.

रबराचं पुढच्या पोस्टमध्ये लिहितो.

गोणीविभाग

उत्तम माहिती. आमच्याकडे भरलेल्या गोण्यांसाठी बेल्ट आहे, सुट्या मालासाठी नाही. तिथे खरखरीत पृष्ठभागाचा बेल्ट असल्याने चढ बराच जास्त चालतो. रबराबद्दल वाचायला उत्सुक.

पट्टा_आणि_पुली

रबर. साधा बेल्ट नैसर्गिक रबर किंवा एसबीआर या कृत्रिम रबराचा असतो. झीज तो छान सोसतो, पण तेल आणि चरबी त्याचे शत्रू आहेत. धागाकर्त्यांच्या गोळीवर तेलाचा फवारा आहे. शिवाय तेलबियांची पेंड, तेल न काढलेला भाताचा कोंडा, फिशमील, हे सगळं तेलकटच. साधं रबर तेल पितं, फुगतं, मऊ पडतं. वरचा थर फुगतो आणि खालचा कोरडा राहतो, मग बेल्ट आडवा वळतो आणि कडा रोलरवर नीट टेकत नाहीत. पुष्कळ ठिकाणी अशा बेल्टची अलाइनमेंट महिनोन् महिने सुधारत बसतात, पण रबरच बदललेलं असल्याने काही उपयोग होत नाही. वरच्या थराचा कडकपणा शोर ए मीटरने दर तिमाहीला मोजून लिहून ठेवा. आकडा घसरत चालला की तेलाचा परिणाम सुरू झाला असं समजा.

म्हणून नायट्राइल रबराचं आवरण असलेला, तेलरोधक बेल्ट घ्या. पीव्हीसीही तेलाला बऱ्यापैकी टिकतो आणि पुसायला सोपा असतो, पण चरबी हळूहळू त्याच्यातलं मऊपणा देणारं द्रव्य खेचून घेते. काही काळाने तो कडक होतो, थंडीत तर पुलीवर वळताना भेगा पडतात. लहान लांबीच्या, हलक्या जागी पॉलियुरेथेन छान काम करतं.

उष्णतारोधक बेल्टची गरज नाही. प्रेसमधून निघालेली गरम, ओलसर गोळी थेट कूलरमध्ये पडते आणि तशीच पडायला हवी. त्या अवस्थेत ती फार नाजूक असते. कूलरनंतर माल बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 5 अंशांपेक्षा जास्त गरम नसावा. तो तसा नसेल तर बेल्टपेक्षा कूलरकडे लक्ष द्या.

खरेदीच्या कागदावर दोन गोष्टी मागून घ्या, आणि यात तडजोड नको. आयएसओ 284 प्रमाणे स्थिर वीज वाहून नेणारा, म्हणजे विद्युत रोध 30 कोटी ओहमपेक्षा कमी असलेला. आणि आयएसओ 340 प्रमाणे आगीला विरोध करणारा, म्हणजे ज्योत काढल्यावर स्वतः विझणारा. खाद्याशी संपर्क येणार असल्याने रबराच्या घटकांबद्दलचं प्रमाणपत्रही मागा.

धूळसुरक्षा

वरच्या शेवटच्या परिच्छेदाला माझं पूर्ण अनुमोदन. पण तेवढ्यावर थांबून चालत नाही.

8 जून 1998 रोजी अमेरिकेत कॅन्सास राज्यात विचिटाजवळ हेसव्हिल इथल्या धान्यकोठारात स्फोट झाला. 7 कामगार गेले. तपास पथकाने ठिणगीचं सर्वात संभाव्य कारण म्हणून ज्या गोष्टीकडे बोट दाखवलं ती म्हणजे सायलोखालच्या बोगद्यातल्या बेल्ट कन्व्हेअरचा एक रोलर. वंगण नसल्याने त्याचं बेअरिंग जाम झालं, रोलर फिरायचा थांबला, आणि बेल्ट त्याच्यावरून घासत पुढे जातच राहिला. घर्षणाने रोलर तापला. भोवती धूळ होती. एका रोलरवरून सुरू झालेला स्फोट बोगद्यांमधून साऱ्या कोठारात पसरला, कारण बोगद्यांत जागोजागी धूळ साचलेली होती.

मला ही घटना प्रत्येक फीड मिलमधल्या मेंटेनन्सच्या माणसाला सांगावीशी वाटते. जाम झालेला रोलर ही आपल्याकडे किरकोळ गोष्ट समजली जाते. बेल्ट चालतोय ना, मग पुढच्या शटडाउनला बघू. पण बेल्ट चालतोय हीच तर अडचण आहे. बंद पडला असता तर घर्षण थांबलं असतं.

दुसरी घटना पशुखाद्याची नाही, पण धागाकर्त्यांच्या उघडा की बंद या प्रश्नाला थेट लागू होते. 7 फेब्रुवारी 2008 रोजी जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथे साखरेच्या रिफायनरीत स्फोट झाला, 14 जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासानुसार पहिला स्फोट सायलोखालच्या बेल्ट कन्व्हेअरमध्ये झाला असावा. हा बेल्ट आधी उघडा होता. 2007 मध्ये साखरेत काही पडू नये म्हणून त्याच्यावर स्टीलचे पत्रे बसवून तो बंद केला. धूळ ओढून घेण्याची सोय केली नाही, स्फोटाचा दाब बाहेर जायला वाटही ठेवली नाही. उघड्या बेल्टवरची धूळ मोठ्या जागेत विरळ होत होती, तीच आता छोट्या डब्यात दाटू लागली.

म्हणजे बंद बेल्ट वाईट असा अर्थ काढू नका. बंद करायचा तर धूळ ओढणारी यंत्रणा, स्फोटाच्या दाबाला वाट आणि बेअरिंगवर लक्ष ठेवण्याची सोय हे सगळं मिळून एकच काम समजा. पत्रे आधी लावू, डस्ट कलेक्टर पुढच्या वर्षी बघू, असं करायचं असेल तर उघडाच ठेवा आणि रोज झाडा.

नवशिका_अभियंता

धूळसुरक्षा सर, धन्यवाद. पण धूळ किती साचली म्हणजे धोकादायक? आमच्याकडे रोज झाडतात, तरी तुळयांवर थर असतोच.

धूळसुरक्षा

अमेरिकेतल्या धान्यकोठारांसाठीच्या नियमात काही ठरावीक जागा प्राधान्याच्या मानल्या आहेत. बकेट एलिव्हेटरजवळचा जमिनीचा भाग आणि दळण यंत्रं असलेल्या बंद खोल्या वगैरे. तिथे एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे 3 मिमीपेक्षा जास्त थर साचला तर तो ताबडतोब काढायचा. हा नियम 1987 च्या अखेरीस आला. त्याच्या बरोबर दहा वर्षं आधी, डिसेंबर 1977 मध्ये, लुइझियानातल्या वेस्टवेगो इथे एकाच स्फोटात 36 माणसं गेली होती.

तुळयांवरच्या थराबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण जमिनीवरच्या धुळीपेक्षा मला तिची जास्त काळजी वाटते. पहिला स्फोट बहुधा लहान असतो, एखाद्या यंत्राच्या आत होतो. त्याच्या धक्क्याने तुळया, पाइप, केबल ट्रे यांवर वर्षानुवर्षं साचलेली धूळ एकदम हवेत उडते, आणि दुसरा स्फोट होतो तो त्या धुळीचा. इमारती पडतात त्या दुसऱ्या स्फोटाने. त्यामुळे झाडू पोचत नाही अशा जागांची यादी करा आणि ती कोणाच्या तरी नावावर लावा. कॉम्प्रेस्ड एअरने उडवू नका, व्हॅक्यूम वापरा, आणि तोही धुळीच्या वातावरणासाठी बनवलेला.

पशुपोषण_ताई

सगळी चर्चा चुरा आणि धुळीवर चालली आहे. मी पोषण आणि गुणवत्ता बघते, मला एक वेगळी बाजू मांडायची आहे: एका लॉटचा माल दुसऱ्यात जाणं. कन्व्हेअर निवडताना हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो, आणि तो सगळ्यात आधी विचारायला हवा.

कोंबड्यांच्या खाद्यात कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगावर मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधं मिसळतात. कोंबडीला ती मानवतात. घोड्याला मोनेन्सिन वजनाच्या प्रत्येक किलोमागे 2 ते 3 मिलिग्रॅमही मारक ठरू शकतं, हृदयाच्या स्नायूंवरच घाव पडतो. मेंढ्यांची गोष्ट तांब्याची. डुकरांच्या किंवा कोंबड्यांच्या खाद्यात चालणारं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं. युरोपने 2009/8 क्रमांकाच्या निर्देशात अशा औषधांचा चुकून उतरणारा अंश किती चालेल याच्या मर्यादा ठरवल्या. नाजूक प्राण्यांच्या खाद्यात मूळ मात्रेच्या साधारण 1 टक्का, इतरांत 3 टक्के. स्क्रू कन्व्हेअरच्या तळाशी पातं आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत जो माल कायम पडून राहतो त्याचा विचार करा, म्हणजे 1 टक्का किती लवकर गाठला जातो ते कळेल.

इथे बेल्टची बाजू खरंच भक्कम आहे. माल टाकणं थांबवलं की एका फेरीत बेल्ट रिकामा होतो. स्क्रूसारखा तळ नाही, साखळीने माल ओढणाऱ्या ड्रॅग चेनसारखे कोपरे नाहीत. पण रिकामा दिसणारा बेल्ट रिकामा असेलच असं नाही. भुकटी पृष्ठभागाला चिकटून परतीच्या बाजूने मागे जाते आणि वाटेत प्रत्येक परतीच्या रोलरखाली थोडी थोडी गळते. मळीची किंवा तेलकट खाद्यं असतील तर जास्तच. तेव्हा डिस्चार्जच्या पुलीवर चांगला स्क्रॅपर हवा, आणि स्क्रॅपरने काढलेली भुकटी डिस्चार्जच्याच तोंडात पडायला हवी. ती बाहेर पडून कोणीतरी फावड्याने पुढच्या लॉटमध्ये टाकत असेल तर स्क्रॅपर नसलेलाच बरा.

आणि क्रम. औषधी खाद्यानंतर लगेच नाजूक प्राण्याचं खाद्य घेऊ नये. मध्ये त्याच प्राण्यासाठीचा औषधाविना लॉट घ्यावा किंवा फ्लशिंग करावं, म्हणजे साधा माल फिरवून वाट साफ करावी. फ्लशिंगचा माल बेल्टवरूनही गेला पाहिजे, फक्त मिक्सरमधून नाही. हा मुद्दा अनेक कारखान्यांच्या लेखी पद्धतीत राहून गेलेला मी पाहिला आहे.

जुना_फिटर

ताई, अगदी बरोबर. स्कर्ट रबरच्या आत काय साचलंय तेही बघायला सांगा. माल पडतो त्या जागी दोन्ही बाजूंना रबरी पट्ट्या असतात. त्या आणि बेल्ट यांच्या फटीत अडकलेल्या गोळ्या तिथेच भरडल्या जातात, जुनी भुकटी कोपऱ्यात दगडासारखी बसते आणि बेल्टवर चरा पडतो. पट्टी मालाच्या दिशेने जाताना बेल्टपासून हळूहळू दूर होत गेली पाहिजे, म्हणजे अडकलेला दाणा पुढे सुटतो. नेमकी उलटी बसवलेली असते पुष्कळ ठिकाणी.

नवशिका_अभियंता

माझा प्रश्न बेल्ट सरकण्याचा. कच्च्या मालाच्या बेल्टवर टेल पुलीकडे (मागच्या टोकाच्या पुलीकडे) बेल्ट डावीकडे जातो. ऑपरेटर रोज डावा बोल्ट घट्ट करतो, मग उजवा, मग पुन्हा डावा. दोन्ही बाजू आता इतक्या ताणल्या आहेत की टेक-अपला (बेल्ट ताणायच्या बोल्टांना) जागाच उरली नाही.

जुना_फिटर

सगळे बोल्ट सोडून आधी बेल्टकडे नुसतं बघत उभे राहा. बेल्टचा जॉइंट कुठेही असला तरी बेल्ट एकाच ठिकाणी, एकाच रोलरपाशी सरकतो, की जॉइंट जिथे जाईल तिथे सरकतो? पहिला प्रकार असेल तर दोष स्ट्रक्चरचा किंवा रोलरचा. दुसरा असेल तर जॉइंट काटकोनात नाही किंवा बेल्टच वाकडा आहे, आणि मग कितीही बोल्ट फिरवा, तो सुधारणार नाही.

एक नियम पाठ करा. रोलर तिरका असेल तर बेल्ट ज्या टोकाला आधी भेटतो त्या बाजूला तो सरकतो. सरकणं सुरू होतं त्या जागेच्या थोडं आधीचे रोलर दुरुस्त करायचे असतात, जिथे कड घासते तिथले नाही. एकावेळी एकच रोलर हलवा, तोही थोडासा, आणि बेल्टला काही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. घाई केली की दोन दुरुस्त्या एकमेकींवर चढतात आणि नक्की कशाने काय झालं ते कळत नाही. टेल पुलीवर तर टेक-अप हा शेवटचा इलाज. ज्या बाजूला बेल्ट जातोय ती बाजू थोडी ताणली की तो दूर जातो, हे खरं, पण त्याने मूळ दोष झाकला जातो.

तुमच्या बाबतीत मी पहिल्यांदा दोन गोष्टी बघेन. माल बेल्टच्या मध्यभागी पडतो का? चुट (माल बेल्टवर सोडणारी घसरण) एका बाजूने येत असेल तर माल एका कडेला जास्त पडतो आणि भरल्यावरच बेल्ट सरकतो, रिकामा नीट चालतो. आणि टेल पुलीवर व परतीच्या रोलरवर भुकटीचा थर चिकटला आहे का? त्या थराने रोलरचा व्यास एका बाजूला वाढतो. पेंड आणि मळी असलेल्या कारखान्यात निम्मे बेल्ट त्यानेच सरकतात, असं माझं मत. टेल पुलीच्या आधी परतीच्या बाजूला व्ही आकाराचा प्लाऊ बसवा. सांडलेले दाणे पुलीत जाण्याआधी तो बाजूला काढतो.

आणि सफाई करताना बेल्ट बंद, मेन स्विच बंद, स्वतःचं कुलूप लावलेलं. चालत्या बेल्टच्या टेल पुलीवरची भुकटी काढायला सळई घातली की सळई ओढली जाते आणि माणसाचा हात तिच्यामागे जातो. सळई सोडायला वेळ मिळत नाही. यात कसलीही सूट नाही.

नवशिका_अभियंता

आत्ता पाहून आलो. रिकामा बेल्ट मध्यभागी चालतो, भरल्यावर सरकतो. चुट खरंच उजव्या बाजूने येते. चुटमध्ये एक आडवा पत्रा लावून माल मध्यभागी वळवायचा प्रयत्न करतो. फार फार आभार.

गोणीविभाग

जॉइंटबद्दल कोणी लिहिलं नाही. क्लिपा लावलेला जॉइंट चालेल का? एका तासात काम होतं.

पट्टा_आणि_पुली

गोण्यांच्या बेल्टला चालेल. सुट्या खाद्याच्या बेल्टला माझा विरोध आहे. क्लिपांच्या फटीतून भुकटी खाली गळते, स्क्रॅपरचं पातं दर फेरीला क्लिपवर आदळतं, आणि एखादा तुकडा तुटला तर तो लोखंडाचा तुकडा थेट खाद्यात. कच्च्या मालाच्या बाजूला असाल तर पुढे हॅमर मिलमध्ये तोच तुकडा ठिणगी पाडेल. गरम व्हल्कनाइज्ड (रबर तापवून, दाबून एकजीव केलेला) जॉइंट करा, थर पायऱ्यांनी कापून, तिरका. वेळ लागतो, मान्य.

जुना_फिटर

थोडा असहमत. रात्री बेल्ट फाटला आणि सकाळी जनावरांचं खाद्य निघायलाच हवं असेल तर क्लिप लावावीच लागते. क्लिपांचा संच कपाटात असला पाहिजे. फक्त लावताना रजिस्टरमध्ये तारीख लिहा, पुढे चुंबक आहे याची खात्री करा, आणि पुढच्याच सुट्टीला तो जॉइंट काढून व्हल्कनाइज करा. तात्पुरती क्लिप वर्षभर राहते ही खरी अडचण.

पट्टा_आणि_पुली

या अटींवर मान्य.

फीडमिल_उत्पादन

नमुन्यांचे निकाल आले, म्हणून अपडेट देतो. फिटर काकांचा अंदाज बराच खरा ठरला. खालच्या लांब स्क्रूमध्ये चुरा वाढतोच. पण एलिव्हेटरच्या बूटपाशी वाढ जवळपास तेवढीच आहे. बिनवरच्या दुसऱ्या स्क्रूमध्ये थोडी कमी, आणि बिन रिकामा असताना पहिल्या मालात खूप.

म्हणून विचार बदलला आहे. खालच्या स्क्रूच्या जागी बेल्ट येईल: 500 मिमी, दोन थरांचा, नायट्राइल आवरणाचा, कमी वेगाचा, व्हल्कनाइज्ड जॉइंटचा. वरच्या स्क्रूच्या जागी मात्र बेल्ट नको असं वाटतं. एलिव्हेटरचं डोकं उंच करून तिथे फिरता डिस्ट्रिब्युटर (माल हव्या त्या नळीकडे वळवणारं तोंड) बसवला आणि बिनपर्यंत नळ्या नेल्या तर वर गोळीला ढकलणारी वस्तूच उरत नाही. यात काही धोका?

जुना_फिटर

चांगला निर्णय. बेल्टवरून अनेक बिनांत माल वाटायचा तर प्लाऊ (माल बाजूला ढकलणारी पट्टी) किंवा ट्रिपर (बेल्टवरून मध्येच माल उतरवणारी गाडी) लागतो. प्लाऊ गोळी रगडतो, ट्रिपर धूळ करतो. डिस्ट्रिब्युटर त्यापेक्षा सरस. गोळीसाठी नळ्यांचा उतार 45 अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. त्याच नळ्यांतून मॅश न्यायची असेल तर 60 अंश लागतील. पण उतार जितका जास्त तितकी गोळी वेगाने आपटते, तेव्हा बिनच्या तोंडाशी वेग मोडणारा बॉक्स ठेवा, त्यात गोळी गोळीवर पडते, पत्र्यावर नाही. बिन पूर्ण रिकामा करायची सवय शक्य तिथे टाळा. औषधी खाद्याचा बिन मात्र ताईंच्या नियमाप्रमाणे पूर्ण रिकामा झालाच पाहिजे.

एलिव्हेटरला माल बूटच्या तळात न देता वर जाणाऱ्या बकेटच्या बाजूने, थोडा उंचावरून द्या. बकेट थेट भरतात, ढिगात खुपसत नाहीत.

धूळसुरक्षा

उघडा की बंद, काय ठरलं? एक पर्याय कोणी लिहिला नाही: हवेच्या गादीवर चालणारा बेल्ट. माल वाहणाऱ्या बाजूला रोलर नसतात. खालच्या अर्धगोल ट्रफला भोकं असतात, पंख्याची हवा बेल्ट उचलून धरते. बंद असतो, आणि जाम व्हायला तिथे बेअरिंगच नाही. पंख्याच्या विजेचा खर्च येतो आणि पंखा बंद पडला की बेल्ट थांबवावा लागतो. रोलरचाच घेणार असाल तर बंद बेल्टमध्ये बेअरिंग बाहेरच्या बाजूला असतील असं डिझाइन मागा, म्हणजे हात लावून, तापमान मोजून, आवाज ऐकून कळतं.

फीडमिल_उत्पादन

हवेच्या गादीवरच्या बेल्टचं कोटेशन मागवतो, तुलना करून ठरवू. बंद घेतला तर माल पडतो आणि निघतो त्या दोन्ही ठिकाणी धूळ ओढण्याची सोय पहिल्या दिवसापासून असेल, हे व्यवस्थापनाकडून लेखी मंजूर करून घेतलं आहे. त्याशिवाय काम सुरू होणार नाही.

शेवटचा प्रश्न सेन्सरचा. बेल्टचा वेग कमी झाला की बंद करणारा सेन्सर आमच्या विक्रेत्याने हेड पुलीवर दाखवला आहे. ठीक आहे ना?

धूळसुरक्षा

नाही. हेड पुलीला मोटर फिरवते. बेल्ट घसरला किंवा अडकला तरी ती फिरतच राहणार, सेन्सरला सगळं ठीक दिसणार, आणि तिकडे पुलीखाली रबर जळत असणार. सेन्सर टेल पुलीवर लावा, तिला फक्त बेल्ट फिरवतो. एलिव्हेटरलाही तेच, बूटच्या पुलीवर. नेहमीच्या वेगापेक्षा 20 टक्क्यांपर्यंत घट होताच यंत्र आपोआप बंद व्हावं असं सेटिंग ठेवा. बेल्ट थांबला की त्याच्यावर माल टाकणारी सगळी यंत्रंही थांबली पाहिजेत, नाहीतर चुट तुंबेल. दोन्ही कडांना सरकण्याचे स्विच आणि पूर्ण लांबीला ओढायची दोरी असू द्या. चालू करण्याआधी दोरी प्रत्येक टप्प्यावर स्वतः ओढून बघा, दोन्ही बाजूंनी.

फीडमिल_उत्पादन

ड्रॉइंग आजच परत पाठवतो. सेन्सर टेल पुलीवर. बेल्ट बसला की त्याच सहा जागांचे नमुने पुन्हा घेईन आणि आधीचे-नंतरचे आकडे इथेच टाकेन.